ऑलिम्पिक मेडल आणणाऱ्या खाशाबांचं करिअर एका गुडघ्याने थांबवलं

2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी झाली. आज अशा आखाड्यात पोराचा गुडघा गेला तर एमआरआय होतो, दुर्बिणीतून ऑपरेशन होतं आणि वर्षभरात गडी परत लांग चढवू शकतो. खाशाबा जाधवांच्या वेळी यातलं काहीच नव्हतं.

खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे. जन्म 15 जानेवारी 1926. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे कुस्ती घरातलीच. 1948 ला लंडन ऑलिम्पिकमध्ये मॅटची सवय नसतानाही ते सहावे आले. 1952 च्या हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7 हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेटमध्ये ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल. दुसरं यायला 1996 उजाडावं लागलं!

1955 ला ते पोलिसात फौजदार झाले. डोळ्यासमोर 1956 चं मेलबर्न होतं. त्याआधीच गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि ऑलिम्पिकचा विषय तिथेच संपला.

गुडघ्यात असं होतं काय? मांडीचं आणि नडगीचं हाड चार मुख्य लिगामेंट बांधून ठेवतात. पाय मॅटवर रोवलेला असताना अंग गर्रकन फिरलं की बऱ्याचदा आतलं एसीएल तुटतं. कट्कन आवाज येतो, काही तासांत गुडघा टम्म सुजतो, नंतर चालताना तो मध्येच निसटतो. बाजूचं एमसीएल बहुतेक वेळा ब्रेस आणि फिजिओथेरपीने भरून येतं. पूर्ण तुटलेलं एसीएल सहसा जुळत नाही. पैलवानाला पुन्हा खेळायचं असेल तर स्वतःच्याच पायातला टेंडन काढून नवं लिगामेंट बसवतात, मग निदान 9 महिने व्यायाम. तेल चोळून आठवड्यात परत तालमीत उतरणारे आजही आहेत, मग आतली गादीही फाटते.

पन्नाशीच्या दशकात एमआरआय नव्हता आणि एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही. हाताने तपासणं, प्लॅस्टर आणि आराम, एवढ्यावरच बहुतेकांची बोळवण व्हायची. दुर्बिणीतून गादीचं पहिलं ऑपरेशन जपानमध्ये झालं तेच 1962 ला.

खाशाबा पोलिसातच राहिले, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. 14 ऑगस्ट 1984 ला रस्ता अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.