मिलच्या घरातील शाळा

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला जॉन स्टुअर्ट मिल हे नाव पाठ्यपुस्तकातून भेटते. आगरकरांच्या पिढीने तर त्याच्या ग्रंथांतून स्वतःच्या विचारांची घडण केली. हा विचारवंत लहानपणी कोणत्याही शाळेत गेला नव्हता आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवीही त्याच्यापाशी नव्हती. आज आपल्याकडेही काही पालक मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवू पाहतात. अशा वेळी मिलचे बालपण दोन्ही बाजूंनी तपासून पाहणे उपयुक्त ठरेल.

मिलचा जन्म २० मे १८०६ रोजी लंडनमध्ये झाला. त्याच वर्षी त्याचे वडील जेम्स मिल यांनी हिंदुस्थानचा इतिहास लिहावयास घेतला. हिंदुस्थानात पाऊल न ठेवता लिहिलेला हा ग्रंथ पुरा होण्यास सुमारे बारा वर्षे लागली. तोपर्यंत नियतकालिकांतील लेखनावर संसार चालत होता. जॉन तिसऱ्या वर्षी ग्रीक शिकू लागला, तो वडिलांच्याच टेबलाशी बसून. ग्रीक शब्दांचे अर्थ इंग्रजीत देणारा कोश तेव्हा नव्हता, आणि लॅटिन अद्याप त्याला येत नव्हते. साहजिकच अडलेला प्रत्येक शब्द त्याने विचारावा आणि वडिलांनी लेखणी थांबवून सांगावा, असा क्रम चाले. जेम्स मिल स्वभावाने मुळीच शांत नव्हते. तरी हा व्यत्यय त्यांनी वर्षानुवर्षे सोसला. पुढे मुद्रिते आली, तेव्हा मुलाने हस्तलिखित वाचावयाचे आणि वडिलांनी मुद्रिते तपासावयाची, अशी वाटणी झाली. ग्रीक भाषेबरोबरच ग्रंथ कसा सिद्ध होतो, हेही मुलाने डोळ्यांनी पाहिले.

न्यूइंग्टन ग्रीन येथे राहत असताना न्याहारीपूर्वी पितापुत्र फिरावयास जात. आदल्या दिवशी वाचलेल्या पुस्तकाची टिपणे हाती घेऊन मुलाने चालता चालता त्याचा वृत्तान्त सांगावा, असा नेम होता. १८१९ मध्ये, तेराव्या वर्षी, रिकार्डोचे अर्थशास्त्रही असेच फिरताना शिकविले गेले. ऐकलेला भाग मुलाने दुसऱ्या दिवशी लिहून आणावयाचा आणि तो स्वच्छ होईपर्यंत पुनःपुन्हा लिहावयाचा. ही टिपणे पुढे वडिलांना १८२१ च्या आपल्या अर्थशास्त्रावरील पुस्तकासाठी उपयोगी पडली. आठव्या वर्षी जॉन लॅटिन शिकू लागला आणि तेच धाकट्या बहिणीला शिकवूही लागला. हे काम त्याला आवडत नसे. परंतु दुसऱ्याला समजावून देताना आपले ज्ञान पक्के होते, हा शिक्षकांच्या नित्य परिचयाचा अनुभव त्याला बालवयातच आला.

तथापि या चित्राला दुसरी बाजू आहे. अभ्यासाची सवय मोडू नये म्हणून मुलाला सुटी नव्हती, आणि समवयस्कांची संगत जवळजवळ नव्हती. हाताच्या कामात आपण कायम अडाणी राहिलो, हे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. नऊ मुलांचा संसार अनिश्चित प्राप्तीत त्याच्या आईने चालविला. पण त्या आत्मचरित्रात तिला जवळजवळ स्थान नाही. अर्थशास्त्राच्या इंग्रजी नावाचे मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ गृहव्यवस्था असा आहे. ग्रीक जाणणाऱ्या त्या घरात ही व्यवस्था रोज डोळ्यांसमोर चालत होती. मात्र तिला धडा मानावे, असे कोणाच्या मनात आले नाही. १८२६ मध्ये, विसाव्या वर्षी, आपण इच्छिलेल्या साऱ्या सुधारणा झाल्या तर आपण सुखी होऊ काय, असे त्याने स्वतःला विचारले. उत्तर नकारार्थी आले आणि तो खोल औदासीन्यात बुडाला. त्यातून सावरताना वर्ड्‌स्वर्थच्या कवितांनी त्याला आधार दिला.

१८२३ पासून १८५८ पर्यंत मिलने ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत नोकरी केली, आणि ती सांभाळून ग्रंथ लिहिले. शासनाने प्रत्येक मुलाच्या शिक्षणाचा आग्रह धरावा, परंतु सारे शिक्षण आपल्या मुठीत ठेवू नये, असे मत त्याने १८५९ मध्ये मांडले. १८६९ मध्ये स्त्रियांच्या दास्यावर लिहिताना, घर चालविणे हे अखंड अवधान मागणारे आणि मनावर भार टाकणारे काम आहे, हे त्याने मान्य केले. आत्मचरित्रात आईला न मिळालेली ही दाद स्त्रीजातीला मिळाली, ती अशी उशिरा.

घरी शिकविणे म्हणजे भिंतीवर वेळापत्रक टांगणे नव्हे. मिलच्या घरात जे फळाला आले, ते वडिलांच्या खऱ्या कामात मुलाला मिळालेल्या वाट्यामुळे. जे उणे राहिले, ते अर्धे घर अभ्यासाबाहेर ठेवल्यामुळे. वाण्याची यादी, विजेचे बिल, महिनाअखेरचा हिशेब, शिजणारे अन्न आणि आजारी माणसाची शुश्रूषा यांतही भाषा आहे, गणित आहे आणि माणुसकीही आहे. मूल शाळेत जात असो वा नसो, हे दार प्रत्येक घराला उघडता येते. हातातले काम क्षणभर थांबवून मुलाच्या प्रश्नाला उत्तर देण्याची तयारी मात्र हवी.