आचार्य धर्मानंद कोसंबी

गोमंतकातील साखवाळ या खेड्यात ९ ऑक्टोबर १८७६ रोजी धर्मानंदांचा जन्म झाला. घरची नारळाची बाग होती. प्रकृती अशक्त असल्यामुळे त्यांचे शिक्षण गावच्या मराठी शाळेपलीकडे फारसे गेले नाही. पुढे ज्यांना परदेशांतील विद्यापीठांनी आदराने बोलावून घेतले, त्यांच्यापाशी स्वतःची एकही पदवी नव्हती!

वाचनाची गोडी मात्र त्यांना होती. एकदा ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात भगवान बुद्धाचे लहानसे चरित्र त्यांच्या वाचनात आले. ते वाचून त्यांना जणू नवी दृष्टीच मिळाली. ज्या महापुरुषाला अर्धे आशिया खंड वंदन करते, त्याचा उपदेश त्याच्याच जन्मभूमीतून लुप्त व्हावा, ही गोष्ट त्यांच्या मनाला टोचू लागली. बुद्धाची मूळ वचने वाचावयाची, तर आधी संस्कृत आले पाहिजे आणि त्यासाठी पुण्यास गेले पाहिजे, असे त्यांनी ठरविले.

१८९९ साली त्यांनी घर सोडले. त्या वेळी ते २३ वर्षांचे होते. घरी पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. ज्ञानासाठी केलेल्या या त्यागाचे कौतुक सर्वच करतात. परंतु त्याचा निम्मा भार मागे राहिलेल्या बाळाबाईंनी सात वर्षे मुकाट्याने वाहिला, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी या अनोळखी तरुणाला आश्रय मिळवून दिला. पुढे ग्वाल्हेरवरून ते काशीस गेले. तेथे अन्नछत्रात जेवावे आणि शास्त्र्यांच्या पायाशी बसून संस्कृत शिकावे, असा त्यांचा क्रम होता. १९०२ साली ते नेपाळात जाऊन आले; परंतु तेथे त्यांना हवे ते मिळाले नाही. निराश न होता ते गया, कलकत्ता असा प्रवास करीत थेट सिंहलद्वीपास पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी त्यांना अखेर पाली भाषेचे अध्ययन करावयास मिळाले. तेथेच त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली. नंतर ते ब्रह्मदेशातही राहिले.

पालीला स्वतःची अशी लिपी नाही. तिचे ग्रंथ सिंहलात सिंहली लिपीत, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत, तर युरोपात रोमन लिपीत छापले जात. देवनागरीत ते जवळजवळ नव्हतेच. म्हणून धर्मानंदांना एका भाषेसाठी अनेक लिप्या शिकाव्या लागल्या. पुढे येणाऱ्या विद्यार्थ्यांचे हे कष्ट वाचावे, असे त्यांना वाटे.

१९०६ साली ते कलकत्त्यास परतले आणि तेथे पाली शिकवू लागले. इतक्यात बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना कळविले, की महाराष्ट्रात कोठेही राहून वर्षाला एक ग्रंथ लिहावा, म्हणजे दरमहा ५० रुपये मिळतील. कलकत्त्यास याहून कितीतरी अधिक वेतन होते. तरीही ते सोडून धर्मानंद महाराष्ट्रात आले. आपली विद्या आपल्या लोकांच्या भाषेत उतरावी, हीच त्यांची ओढ होती.

१९१० साली ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचे अपुरे राहिलेले संपादन त्यांच्या हाती सोपविण्यात आले. काम चोख झाले. पण त्याच्या श्रेयावरून तेथील प्राध्यापकांशी मतभेद झाले आणि १९१२ साली ते परत आले. पुढेही तीन वेळा ते हार्वर्डला गेले. तरीसुद्धा ती आवृत्ती छापून निघावयास १९५० साल उजाडले. ती पाहावयास धर्मानंद राहिले नव्हते. मात्र त्यांनी स्वस्थ न बसता देवनागरीतील आपली आवृत्ती १९४० सालीच प्रसिद्ध केली होती.

१९१२ ते १९१८ ही सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. चिं. वै. राजवाडे, ना. के. भागवत आणि पु. वि. बापट हे त्यांचे शिष्य. राजवाड्यांनी ‘दीघनिकाय’ मराठीत आणला. भागवतांनी पाली ग्रंथ देवनागरीत संपादित केले. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाच्या २५०० व्या वर्षानिमित्त १९५६ साली भारत सरकारने जो ग्रंथ काढला, त्याचे संपादक बापटच होते. गुरूने लावलेले रोप असे वाढले.

१९२९ साली लेनिनग्राडला अध्यापन करून आलेले हे आचार्य १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. १९३७ साली मुंबईच्या परळ भागात त्यांनी कामगारांसाठी ‘बहुजनविहार’ स्थापन केला.

‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा ग्रंथ १९४०-४१ साली प्रसिद्ध झाला. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा सर्वांच्या परिचयाची आहे. धर्मानंदांनी ती तपासून पाहिली व ‘सुत्तनिपात’ या प्राचीन ग्रंथाच्या आधारे निराळेच मत मांडले. शाक्य आणि कोलिय ही शेजारची कुळे रोहिणी नदीच्या पाण्यासाठी शस्त्रे उचलीत. आप्तांनी आप्तांना मारावे, याचा सिद्धार्थाला उबग आला आणि भांडणाचे मूळ शोधण्यासाठी त्याने घर सोडले, असे त्यांचे म्हणणे. सर्वच पंडितांना ते पटले असे नाही. पण जगात महायुद्ध पेटले असता हा ग्रंथ मराठी वाचकांच्या हाती आला, हे विशेष. पुढे तो अन्य भारतीय भाषांतही गेला. धर्मानंदांचे पुत्र दामोदर हे थोर गणितज्ञ व इतिहाससंशोधक होते. तेही जागतिक शांतता चळवळीत हिरीरीने वावरले.

४ जून १९४७ रोजी सेवाग्रामच्या आश्रमात धर्मानंदांनी देह ठेवला. स्वातंत्र्य अवघ्या अडीच महिन्यांवर आले होते आणि दिल्लीत फाळणीची बोलणी चालू होती. त्या धामधुमीतही गांधीजींनी आपल्या प्रार्थनासभेत या विद्वानाचे आदराने स्मरण केले.