जपानची बाजू घेणारा सिलोनचा बौद्ध मंत्री

जे. आर. जयवर्धने यांचे नाव आपल्या तरुणांना फारसे माहीत नाही. जपानमध्ये मात्र कामाकुराच्या महाबुद्धाजवळ त्यांचे स्मारक आहे.

१७ सप्टेंबर १९०६ रोजी कोलंबोच्या एका सुखवस्तू ख्रिस्ती घरात त्यांचा जन्म झाला. तरुणपणी त्यांनी बुद्धाचा मार्ग स्वीकारला. १९५० मध्ये बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी सिलोनला गेले, तेव्हा जयवर्धने तिथले अर्थमंत्री होते.

युद्धात हरलेला जपान १९४५ पासून अमेरिकी फौजेच्या ताब्यात होता. सप्टेंबर १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत शांतता परिषद भरली. तिकडे कोरियात युद्ध पेटलेले. सोव्हिएत युनियनला जपानच्या सैन्यावर मर्यादा हव्या होत्या आणि अमेरिकी तळ नको होते. चीनला तर बोलावणेच नव्हते, आणि नेहरूंचा भारत मसुद्यावर नाराज होऊन गेलाच नाही. अशा वेळी ६ सप्टेंबरला एका छोट्या बेटाचा मंत्री बोलायला उभा राहिला. जपानी विमानांनी एप्रिल १९४२ मध्ये कोलंबो आणि त्रिंकोमाली इथे बॉम्ब टाकले होते, म्हणजे भरपाई मागायचा हक्क होताच. तथागतांच्या अवैराच्या शिकवणीचा दाखला देत त्यांनी तो सोडून दिला. जपान पूर्ण स्वतंत्र हवा, असे त्यांनी ठणकावून सांगितले आणि सोव्हिएत सूचनाही खोडून काढल्या.

जपानसह ४९ देशांनी सह्या केल्या. सोव्हिएत युनियन, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया यांनी केल्या नाहीत. २८ एप्रिल १९५२ रोजी ताबा संपला. पण खरेच संपला का? तहाच्याच दिवशी झालेल्या सुरक्षा कराराने अमेरिकी तळ कायम राहिले, आणि ओकिनावा तर १९७२ पर्यंत अमेरिकेच्याच हाती होते. सोव्हिएत हेतू काहीही असो, तळांबाबतची त्यांची शंका निराधार नव्हती, असे मला वाटते.

इथवरच चरित्र सांगून थांबणारे पुष्कळ आहेत. मला ते जमत नाही. तमिळांना थोडीफार स्वायत्तता देणाऱ्या कराराविरुद्ध १९५७ मध्ये कँडीच्या दिशेने पदयात्रा काढणारे हेच जयवर्धने. १९७७ मध्ये ते पंतप्रधान झाले, पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष. त्यांच्याच कारकिर्दीत १९८१ मध्ये जाफन्याचे ग्रंथालय जाळले गेले. सुमारे ९७ हजार ग्रंथांची राख झाली. बाबासाहेबांचे ग्रंथप्रेम सांगत फिरणाऱ्या आपण हे विसरावे कसे? जुलै १९८३ मध्ये तमिळांची कत्तल झाली आणि सरकारने ती वेळेत रोखली नाही. परक्या देशाशी अवैर धरणे सोपे असते का, शेजारच्या गल्लीपेक्षा?

२९ जुलै १९८७ रोजी त्यांनी राजीव गांधींबरोबर करार केला आणि भारतीय शांतिसेना बेटावर उतरली. परकी फौज हटवा म्हणणाऱ्याच्याच सहीने परकी फौज आली. ती मार्च १९९० मध्ये परतली, तोवर जयवर्धने पायउतार झाले होते. १ नोव्हेंबर १९९६ रोजी ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे एक डोळा जपानला देण्यात आला.