मुलांची चित्रकर्ती : पाउला मोडरझोन-बेकर

जर्मनीतील ड्रेस्डेन येथे ८ फेब्रुवारी १८७६ रोजी पाउला बेकर यांचा जन्म झाला. मुलीने स्वावलंबी व्हावे, या वडिलांच्या आग्रहामुळे त्यांनी शिक्षिकेचा अभ्यासक्रम पूर्ण केला. परंतु त्यांचा ओढा चित्रकलेकडे होता. बर्लिनमध्ये कलाशिक्षण घेऊन १८९८ मध्ये त्या ब्रेमेन शहराजवळील वोर्प्सवेडे या खेड्यात राहावयास गेल्या.

दलदलीच्या त्या प्रदेशातील गरीब शेतकऱ्यांची मुले पाउलांच्या चित्रांचा विषय झाली. त्या काळी चित्रांतील मुले बहुधा गोंडस व हसरी असत. पाउलांनी रंगविलेली मुले मात्र गंभीर व अबोल आहेत. त्यांच्या चित्रणात दारिद्र्याची कीव नाही, की खोटी सजावटही नाही.

१८९९ मध्ये ब्रेमेन येथील प्रदर्शनात पाउलांच्या कामावर जहरी टीका झाली. तरीही त्यांनी आपली वाट सोडली नाही. १९०१ मध्ये चित्रकार ओटो मोडरझोन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ओटो यांची पहिल्या विवाहाची मुलगी एल्सबेथ हिचीही चित्रे त्यांनी रंगविली. नवे शिकण्यासाठी त्या चार वेळा पॅरिसला जाऊन राहिल्या.

२ नोव्हेंबर १९०७ रोजी त्यांना मुलगी झाली; परंतु अवघ्या १८ दिवसांनी, वयाच्या ३१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. हयातीत त्यांची मोजकीच चित्रे विकली गेली. मागे ७०० हून अधिक चित्रे उरली. १९२७ मध्ये त्यांच्या चित्रांसाठी स्वतंत्र संग्रहालय उभे राहिले, तेही ब्रेमेनमध्येच. ज्या शहराने त्यांची अवहेलना केली, त्याच शहराने पुढे त्यांचा वारसा जपला.