मेलबर्नचा मानकरी : नेव्हिल डिसोझा

नोव्हेंबर महिना हा आपल्या दिवंगत बंधुभगिनींच्या स्मरणाचा महिना. या दिवसांत आपण कबरस्तानात जातो, मेणबत्ती लावतो, आपल्या माणसांची नावे मिस्साबलिदानात घेतो. कुटुंबाबाहेरची काही नावेही या स्मरणात असावीत असे आम्हांला वाटते. फुटबॉलपटू नेव्हिल डिसोझा यांचे नाव त्यांपैकी एक होय. एकेकाळी अवघ्या क्रीडाविश्वाने घेतलेले हे नाव आज आपल्या तरुणांना क्वचितच ठाऊक असते.

नेव्हिल यांचा जन्म १९३२ साली एका गोवेकर ख्रिस्ती कुटुंबात झाला. गोव्यात फुटबॉलचा खेळ रुजवण्याचा मान फादर रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंना दिला जातो. त्यांनी १८८३ च्या सुमारास शिवोली येथे विद्यार्थ्यांना या खेळाची गोडी लावली. पुढे पोटापाण्यासाठी मुंबईस आलेल्या गोवेकरांनी धोबीतलावच्या परिसरात आपल्या गावांच्या कुडी उभारल्या, त्या सामाईक निवासांत एकत्र रोझरी म्हटली आणि फुटबॉलचे प्रेमही जपले. याच समाजातून नेव्हिल पुढे आले. त्यांचे बंधू डेरेक हेही नामांकित फुटबॉलपटू होते.

त्या काळी आपल्या देशात केवळ खेळावर चरितार्थ चालत नसे. खेळाडूंना मोठ्या कंपन्यांत नोकरी मिळे आणि ते त्या कंपनीच्या संघाकडून खेळत. नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लबकडून आणि कॅल्टेक्सकडून खेळले. मुंबईतील कूपरेजचे मैदान ही त्यांची कर्मभूमी. १९५४ साली मुंबईने संतोष चषक प्रथमच जिंकला, त्या संघातही ते होते. प्रतिपक्षाच्या गोलाजवळ नेमक्या क्षणी नेमक्या जागी पोहोचणारा आघाडीचा खेळाडू, असा त्यांचा लौकिक होता.

त्यांचे मोठेपण समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये आपला संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा पराभूत झाला होता. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. तो पराभव देशाच्या जिव्हारी लागला आणि त्यानंतर बूट घालून खेळणे सक्तीचे झाले. हैदराबादचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी नव्या शिस्तीने संघ घडवला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकसाठी निवडलेल्या या संघाचे कर्णधार समर बॅनर्जी होते. प्रदीपकुमार बॅनर्जी, तुलसीदास बलराम, पीटर थंगराज अशा गुणी खेळाडूंच्या या मेळ्यात नेव्हिल डिसोझाही होते. भिन्न प्रांतांचे, भिन्न भाषा बोलणारे आणि भिन्न धर्मांचे हे तरुण एका मनाने खेळले, ही गोष्ट आम्हांला विशेष मोलाची वाटते.

हंगेरीचा संघ स्पर्धेत न उतरल्याने भारताला थेट उपान्त्यपूर्व फेरीत प्रवेश मिळाला. १ डिसेंबर १९५६ रोजी यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. सामना त्यांच्या भूमीवर आणि त्यांच्याच प्रेक्षकांसमोर होता. नेव्हिल यांनी नवव्या मिनिटाला पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली, तेव्हा नेव्हिल यांनी दुसरा गोल केला. यजमानांनी पुन्हा बरोबरी केली, तेव्हा मध्यंतरानंतर त्यांनी तिसरा गोल नोंदवला. किट्टू यांनी चौथ्या गोलाची भर घातली आणि भारत ४-२ असा विजयी झाला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारे नेव्हिल हे पहिले आशियाई खेळाडू ठरले.

उपान्त्य फेरीत समोर उभा होता तोच युगोस्लाव्हिया. मध्यंतरानंतर नेव्हिल यांनी गोल करून भारताला आघाडी मिळवून दिली. ज्या संघाने चार वर्षांपूर्वी आपली दैना केली होती, त्याच संघापुढे भारत काही क्षण वरचढ होता. ती आघाडी फार वेळ टिकली नाही. युगोस्लाव्हियाने पाठोपाठ गोल केले आणि सामना ४-१ असा गमावला गेला. पुढे कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० अशी मात केली. भारत चौथा आला. आपल्या फुटबॉल संघाला ऑलिम्पिकमध्ये याहून वरचे स्थान कधीच लाभलेले नाही. त्या स्पर्धेत चार गोल करून नेव्हिल यांनी सर्वाधिक गोल करणाऱ्यांत बरोबरीचा मान मिळवला.

मेलबर्नहून परतल्यावर पुन्हा तीच मुंबई, तीच नोकरी आणि तेच मैदान. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले. प्रदीपकुमार बॅनर्जी, तुलसीदास बलराम, पीटर थंगराज या त्यांच्या सहकाऱ्यांना यथावकाश तो सन्मान मिळाला आणि तो यथायोग्यच होता. नेव्हिल यांचे नाव मात्र त्या यादीत कधी आले नाही. १९८० साली, पन्नाशी गाठण्यापूर्वीच, त्यांनी या जगाचा निरोप घेतला.

संत पौलाने ख्रिस्ती जीवनाला धावण्याच्या शर्यतीची उपमा दिली आहे. खेळाडू नाशवंत मुकुटासाठी परिश्रम करतो, आपण अविनाशी मुकुटासाठी करावेत, असे तो सुचवतो. नेव्हिल यांना तर तो नाशवंत मुकुटही पुरता लाभला नाही. पदक एका पायरीने हुकले, पुरस्कार दाराशी आला नाही. म्हणून त्यांचे परिश्रम वाया गेले काय? आम्हांला तसे वाटत नाही. प्रतिपक्षाने दोनदा बरोबरी साधल्यावर तिसऱ्यांदा उठून धावणे ही चिकाटी पदकांच्या मोजमापात मावत नाही. माणसे जे विसरतात, ते परमेश्वर विसरत नाही, हीच आपली श्रद्धा आहे.

आपल्या धर्मग्रामांतील मुले आज मोकळ्या पटांगणांत चेंडूमागे धावतात, मग ते शहरातील चर्चचे आवार असो वा भीमाशंकरच्या डोंगराकडच्या एखाद्या खेड्यातील माळरान. त्यांना परदेशी खेळाडूंची नावे मुखोद्गत असतात. पालकांनी आणि युवक मंडळांनी त्यांना नेव्हिल डिसोझा यांची कथाही आवर्जून सांगावी. तसेच या महिन्यात दिवंगतांसाठी प्रार्थना करताना त्यांच्या आत्म्यालाही चिरशांती लाभो, अशी विनंती आपण प्रभूचरणी करू या.