पंडित भातखंडे : वकिलीकडून संगीताकडे

शालान्त परीक्षा जवळ आली की घरोघर एकच प्रश्न ऐकू येतो : पुढे काय होणार? वडीलमंडळी आपापल्या परीने सल्ला देतात, शेजारचे कोणी यशस्वी गृहस्थ उदाहरणादाखल पुढे केले जातात आणि विद्यार्थी बिचारा गोंधळून जातो. हा प्रश्न रास्तच आहे. पण त्याच्या आधीचा एक प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. माझ्या ठायी काय आहे आणि काय नाही, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर शोधण्यासाठी ज्यांनी वीसहून अधिक वर्षे धीराने वाट चोखाळली, अशा एका थोर पुरुषाचे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे आहे. ते पुरुष म्हणजे पंडित विष्णु नारायण भातखंडे.

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईस वाळकेश्वर येथे झाला. तो दिवस गोकुळाष्टमीचा होता. लहानपणापासून त्यांना गाण्याची गोडी होती. शाळेत असताना ते बासरी वाजवू लागले व पुढे सतार शिकले. मात्र चांगल्या घरातील मुलाने गाण्यावर पोट भरावे, हे त्या काळच्या समाजाला मानवण्यासारखे नव्हते. गाणे ऐकावे, वाहवा करावी, पण गवई होऊ नये, अशीच सर्वसाधारण समजूत होती. भातखंडे यांनीही तेव्हा रूढ मार्ग धरला. १८८५ साली ते बी. ए. झाले, १८८७ साली त्यांनी एलएल. बी. ची पदवी घेतली आणि वकिलीस आरंभ केला. काही काळ त्यांनी कराचीस वकिली केली व मग मुंबईस परत आले.

येथपर्यंतचे चरित्र त्या काळच्या कोणाही हुशार पदवीधराचे शोभावे असे आहे. परंतु पदवीचा अभ्यास चालू असतानाच, १८८४ साली, ते मुंबईतील गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले होते. पारशी रसिकांनी चालविलेल्या या संस्थेत नामवंत गवई येत, गात आणि शिकवीत. तेथे भातखंडे यांनी रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून ध्रुपदे घेतली, अली हुसेन खाँ यांच्याकडून ख्याल घेतले आणि चिजांचा मोठा संग्रह केला. दिवसा न्यायालय आणि सायंकाळी संगीत, असा त्यांचा क्रम अनेक वर्षे चालला.

या वर्षांतच त्यांना स्वतःची ओळख पटत गेली, असे त्यांच्या पुढील कार्यावरून म्हणता येते. चिजा शिकता शिकता त्यांच्या मनात शंका उत्पन्न होत. एकच राग दोन गवई दोन तऱ्हांनी गातात, तर त्यांतील खरा कोणता? जुन्या संस्कृत ग्रंथांतील रागवर्णन आजच्या गाण्याशी जुळत का नाही? रागाचे नियम गवयाला विचारावेत, तर तो गाऊन दाखवितो, पण सांगू शकत नाही, असे का? मैफल रंगली की बहुतेकांचे समाधान होई. भातखंडे यांचे होत नसे. त्यांना गाण्यामागील नियम हवा होता. पुरावा गोळा करणे, साक्षी ताडून पाहणे, परस्परविरोधी विधानांतून ग्राह्य तेवढे निवडणे, हा वकिलाचा धर्म त्यांच्या अंगी बाणलेला होता आणि तोच आता संगीताच्या कामी येऊ लागला.

विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. संगीतावर प्रेम आहे, एवढ्याच भांडवलावर भातखंडे मैफलीचे गवई होऊ पाहते, तर कदाचित अनेकांतील एक झाले असते. आपली आवड संगीताची असली, तरी आपली शक्ती संशोधकाची आहे, हा भेद त्यांनी जाणला. आवड आणि शक्ती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या दोहोंची जेथे गाठ पडते, तेथेच माणसाचे खरे कार्य असते.

त्याच काळातील दुसरे विष्णु, पंडित विष्णु दिगंबर पलुसकर, यांचे उदाहरण या ठिकाणी सहज आठवते. ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्या तालमीत तयार झालेले गवई होते. त्यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि आपल्या गायनाने सामान्य जनांच्या मनात संगीताविषयी आदर उत्पन्न केला. दोघांची तळमळ एक, पण पिंड वेगळा. म्हणून मार्गही वेगळा. एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असते, तर दोन्ही कार्ये अपुरी राहिली असती.

भातखंडे यांच्या खाजगी जीवनात मात्र दुःखाचे आघात झाले. १९०० साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले आणि १९०३ साली कन्याही गेली. घर सुने झाले. अशा प्रसंगी माणूस खचून जातो, नाहीतर कामात स्वतःला गाडून घेतो. भातखंडे यांनी दुसरा मार्ग पत्करला. १९०४ साली ते दक्षिण हिंदुस्थानच्या प्रवासास निघाले. तेथील विद्वानांच्या गाठी घेतल्या, ग्रंथालये धुंडाळली. एट्टयपुरम् येथे सुब्बराम दीक्षित यांची भेट झाली. व्यंकटमखी याच्या ७२ मेळांच्या पद्धतीचा त्यांनी अभ्यास केला. त्यानंतर नागपूर, कलकत्ता, काशी, प्रयाग असे उत्तरेकडील प्रवास झाले. रामपूर दरबारचे थोर कलावंत वझीर खाँ यांचे शिष्यत्वही त्यांनी स्वीकारले. विद्या असेल तेथे शिष्य होऊन बसण्यात या पदवीधर वकिलाला कमीपणा वाटला नाही.

१९०९ साली त्यांचा ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९१० च्या सुमारास त्यांनी वकिलीचा निरोप घेतला. त्या वेळी त्यांचे वय पन्नास वर्षांचे होते. ज्या वयात इतर लोक निवृत्तीचा विचार करू लागतात, त्या वयात यांचे खरे आयुष्य सुरू झाले. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा त्यांचा मोठा ग्रंथ मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादरूपाने लिहिलेला आहे. त्याचा पहिला भाग १९१० साली आणि चौथा १९३२ साली निघाला. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी अशा दहा थाटांत त्यांनी रागांची मांडणी केली. सोपी स्वरलिपी तयार केली आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत घराण्याघराण्यांतील शेकडो चिजा सर्वांसाठी खुल्या केल्या.

हे कार्य निर्वेध पार पडले, असे मात्र नाही. पिढ्यान् पिढ्या जपलेली विद्या कागदावर उतरवून देण्यास पुष्कळ उस्तादांचे मन घेईना. त्यांचे भय अगदीच अनाठायी नव्हते, कारण ती विद्या हेच त्यांच्या घराचे धन होते. दहा थाटांत सगळे राग नीट बसत नाहीत, असा आक्षेप पंडितांनी घेतला व तो पुढेही घेतला गेला. तथापि शिकविण्यास आणि शिकण्यास सोयीची अशी ती व्यवस्था विद्यालयांतून रुजली.

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाखाली मार्च १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिचे प्रमुख सूत्रधार भातखंडेच होते. आपल्या ग्वाल्हेरशी तर त्यांचा संबंध फारच जवळचा. माधवराव शिंदे यांनी येथील काही गायकांना भातखंडे यांची पद्धती शिकण्यास मुंबईस पाठविले. त्यांत राजाभैय्या पूछवाले हे होते. जानेवारी १९१८ मध्ये येथे माधव संगीत विद्यालय सुरू झाले आणि राजाभैय्यांनी पुढे त्याची धुरा वाहिली. १९२६ साली लखनौस मॅरिस कॉलेज निघाले. त्या संस्थेला कालांतराने भातखंडे यांचेच नाव मिळाले.

त्यांच्या आत्मज्ञानाची खरी खूण मात्र एका लहानशा गोष्टीत दिसते. श्रीकृष्ण रातंजनकर हे त्यांचे आवडते शिष्य. शास्त्र आणि चिजांचे भांडार आपण देऊ शकतो, पण मैफलीच्या गाण्याची तालीम मुरलेल्या गवयाकडूनच मिळाली पाहिजे, हे जाणून त्यांनी या शिष्याला बडोद्यास फैयाज खाँ यांच्याकडे शिकावयास धाडले. आपल्याजवळ काय नाही, हे शिष्यापुढे उघड करण्यास मनाचा मोठेपणा लागतो. तेच रातंजनकर पुढे लखनौच्या कॉलेजचे प्राचार्य झाले.

१९३३ साली भातखंडे यांना पक्षाघाताने गाठले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थी मित्रहो, या चरित्राचा अर्थ हातचा उद्योग सोडून आवडीच्या मागे धावावे, असा करू नका. भातखंडे यांनी वकिली घाईने सोडली नाही. ती करीत असतानाच त्यांनी आपली आवड वर्षानुवर्षे कसोटीस लावली. वकिलीची वर्षे फुकटही गेली नाहीत, कारण त्यांच्या ग्रंथांच्या पानोपानी तीच चिकित्सक बुद्धी दिसते. म्हणून आज तुमच्या हाती जो अभ्यास आहे, तो मन लावून करा आणि करताना स्वतःकडे लक्ष ठेवा. कोणते काम करताना वेळेचे भान राहत नाही, कोणती शंका मनातून जाता जात नाही, कोणत्या कामी दुसऱ्याची मदत घ्यावी लागते, हे टिपून ठेवा. तंबोरा जुळल्यावाचून गाणे सुरू करू नये, असा गवयांचा दंडक आहे. जीवनाचा तंबोरा जुळावयास वेळ लागला तरी हरकत नाही. तो दुसऱ्याच्या सुरात मात्र जुळवू नये.