फ्रॉइड यांची सिगार
मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड चोविसाव्या वर्षी सिगारेट ओढू लागले आणि लवकरच सिगारकडे वळले. पुढे दिवसाला सुमारे २० सिगार हा त्यांचा रतीबच झाला. व्हिएन्नात ते बहुधा ट्राबुको नावाची लहान, त्यातल्या त्यात सौम्य सिगार ओढत. सिगारवरचे पान फिकट असले की ती सौम्य, असा अनेकांचा समज असतो. पण तिचा कडकपणा मुख्यतः आत भरलेल्या तंबाखूवर ठरतो. शिवाय सिगारचा धूर अल्कधर्मी असतो. तो छातीत ओढला नाही, तरी निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात शिरते आणि कर्करोगकारक द्रव्यांचा मारा त्याच अस्तरावर होतो.

१८९४ मध्ये हृदयाचे ठोके चुकू लागले, तेव्हा डॉक्टर मित्र विल्हेल्म फ्लीस यांनी सिगार बंद करायला सांगितले. फ्रॉइड यांनी ती सोडली, पुन्हा धरली. तेही स्वतः डॉक्टर असून! १९२३ मध्ये तोंडाचा कर्करोग निघाला. टाळू आणि जबड्याचा भाग कापावा लागला. तोंड व नाक यांच्यात आडोसा म्हणून मोठी कवळी बसवली. ती टोचे, बोलणे अस्पष्ट होई, जेवताना हाल होत. १६ वर्षांत ३० हून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. तरी सिगार सुटली नाही. जबडा उघडेना, तेव्हा कपड्यांच्या चिमट्याने दात फाकवून ते ती तोंडात धरत, असे सांगतात.

१९३८ मध्ये नाझींमुळे ते लंडनला गेले. पुढच्याच वर्षी कर्करोग शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेला. वेदना असह्य झाल्यावर डॉ. मॅक्स शूर यांनी दिलेल्या मॉर्फिनच्या गुंगीत २३ सप्टेंबर १९३९ रोजी, ८३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.